केशरी पडदे

दुसऱ्या डोळ्याची पट्टी सुटल्यापासून गोविंदरावांना जग धुऊन वाळत घातल्यासारखं दिसत होतं. सकाळी उठून ते गॅलरीत बसायचे आणि चहा निवेपर्यंत नुसते बघत राहायचे. समोरच्या बिल्डिंगवरची पाण्याची टाकी निळी होती. इतकी निळी, की ती कोणीतरी कालच बसवली असं त्यांना वाटलं आणि तसं त्यांनी मालिनीताईंना सांगितलंही. टाकी त्यांच्या मुलाच्या, गौरांगच्या, लग्नाआधीपासून तिथंच होती. दूध पांढरं होतं. भिंती पांढऱ्या होत्या. मालिनीताईंची तपकिरी साडी तपकिरी नव्हतीच मुळी, ती वांगी रंगाची होती.

“तुझे केस इतके कधी पिकले गं?” त्यांनी विचारलं.

“तुमचा मोतीबिंदू पिकत होता तेव्हाच,” असं म्हणून मालिनीताईंनी त्यांची मान मागे केली आणि डोळ्यात औषधाचे थेंब सोडले.

आता हा मोतीबिंदू पिकवायचा हट्ट त्यांचाच. हल्ली कोणी पिकायची वाट बघत नाही हे डॉक्टरांचं सांगून झालं होतं, गौरांगचं पुण्याहून फोनवर ओरडून झालं होतं. पण सातपूरच्या कंपनीत जन्मभर इन्स्पेक्शन खात्यात काढलेला माणूस हा. पास-नापास ठरवायचं ते आपण, आपल्याला दुसऱ्याने नापास करायचं नाही, हे हाडात मुरलेलं. शेवटी गेल्या दिवाळीत ते जिन्यातल्या रांगोळीच्या मधोमध उभे राहून पाहुण्यांना “जपून या, रांगोळी आहे” म्हणाले, तेव्हा कुठे दवाखान्याची तारीख घेतली गेली.

नव्या डोळ्यांचा पहिला उपयोग त्यांनी लिहायला केला. ज्येष्ठ नागरिक संघात एका बाईंचं भाषण झालं होतं. फ्लॅट कोणाला, दागिने कोणाला, हे सगळेच लिहून ठेवतात; पण आपण कशाच्या आधारावर जगलो ते कोणी लिहीत नाही, आणि तेही एक मृत्युपत्रच आहे, मूल्यांचं, असं त्या म्हणाल्या होत्या. गोविंदरावांच्या ते मनात भरलं. फ्लॅटचं नि दागिन्यांचं मागच्या वर्षी वकिलाकडे उरकलं होतं, आणि कोणाचा आवाज न चढता उरकलं होतं. राहिलं होतं ते हे. रोज ते टेबलाशी बसत होते. दोन्ही मुलांसमोर वाचायचं, खाली दोन साक्षीदारांच्या सह्या घ्यायच्या, एक मालिनीची आणि एक चौकातल्या भिकाची, सगळं रीतसर. दिवस ठरवला रंगपंचमीच्या आदला, कारण त्या दिवशी गौरांग येतोच.

मालिनीताईंनी कागद वाचला नि म्हणाल्या, हे तर शाळेच्या फळ्यावरचे सुविचार झाले. दुसऱ्या कलमात ‘डोळ्यात तेल घालून काम करावे’ असं होतं, त्यावर म्हणाल्या, तेल नको, डॉक्टरांनी दिलेलं औषध घाला. गोविंदराव रागावून गॅलरीत टाकी बघायला गेले.

पण मालिनीताई खरं तर अडल्या होत्या त्या पहिल्या कलमापाशी. ‘आपल्या घरात खोटं बोलायची रीत नाही. ती पुढेही पडू नये.’ त्यांनी कागद होता तसा घडी करून ठेवला आणि लेकीला, आभाला, फोन लावला.

*

त्या कलमात खोट काय होती ते सांगायला हवं.

नाशिकच्या जुन्या चौकांच्या पोटात दगडी हौद आहेत. त्यांना रहाड म्हणतात. वर्षभर त्या फळ्यांखाली, मातीखाली झाकलेल्या असतात. वरून रिक्षा जातात, भाजीवाल्या बसतात. उघडतात ते फक्त रंगपंचमीला. प्रत्येक रहाडीचा रंग ठरलेला. गोविंदरावांच्या चौकाचा पिवळा, पळसाच्या फुलांचा. पलीकडच्या चौकाचा केशरी. पिवळा रंग शिजवायचा मान गोविंदरावांच्या घराण्याकडे, आणि घर गंगापूर रोडच्या फ्लॅटमध्ये गेलं तरी मान चौकातच राहिला. आदल्या दिवशी दुपारी मोठ्या काहिलीत फुलं उकळायची, तुरटी आणि चुना हाताच्या अंदाजाने घालायचा, आणि रंग उन्हात डोळ्याने पारखायचा. रात्रभर निवलेला अर्क सकाळी रहाडीच्या पाण्यात ओतायचा. त्यात उडी मारली की अंगाला धरलेला रंग चार-चार दिवस उतरत नाही.

तीन वर्षांपूर्वी आभा पहाटे काहिलीपाशी गेली नि तिने वाकून आत पाहिलं. काहिलीत केशरी रंग होता. बाबांचा मोतीबिंदू तेव्हा चांगलाच धरला होता. ज्याला सगळं जगच पिवळट दिसतंय त्याला पिवळा रंग वेगळा कसा दिसणार? रंग चढत नाही, चढत नाही म्हणत ते चुना नि फुलं घालत गेले असणार. भिका, जो जन्मभर त्यांच्या हाताखाली काहील ढवळत आला होता, तो बाजूला मान खाली घालून उभा होता. आपल्या रहाडीत पलीकडच्या चौकाचा रंग, म्हणजे गावभर हसं. पण आभाला हशाची भीती नव्हती. तिला भीती होती ती बाबांना कळण्याची. कंपनी सुटली, मित्र एकेक करून गेले, आता वर्षभर ते ज्याच्यासाठी दिवस मोजत बसायचे ती ही एकच दुपार होती. पेठच्या रानात पळस फुलला का, म्हणून संक्रांतीपासूनच त्यांचे फोन सुरू व्हायचे. ही दुपार गेली तर हा माणूस सकाळी कशासाठी उठेल, याचं उत्तर आभाला सापडत नव्हतं.

मग तिने भिकाला हाताशी धरलं. उरलेली फुलं आपल्या सोसायटीच्या गच्चीवर उकळली. लहानपणापासून बाबांच्या कोपराशी उभं राहून जो पिवळा तिच्या डोळ्यात बसला होता तो तिने उतरवला आणि बाबा यायच्या आत काहील बदलून टाकली. एकच वर्ष, असं ठरवलं होतं. तीन झाली. चौकात सगळ्यांना माहीत होतं, पण झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणून कोणी तोंड उघडलं नाही.

आता मूळच्या केशरी अर्काचं काय करायचं? दुसऱ्या कोणी गटारात ओतला असता. पण बाबांच्या हातचा रंग ओतून देणं आभाला जमेना, आणि मालिनीताईंना तर शिळी पोळीही टाकवत नाही. मायलेकींनी त्यात चादरी बुडवल्या. उशांचे अभ्रे बुडवले, पंचे बुडवले, जुन्या साड्या बुडवल्या. दर वर्षी. गोविंदराव तीन वर्षं आपल्याच चुकलेल्या रंगावर झोपत होते आणि त्यांना त्या चादरी बदामी दिसत होत्या.

गौरांगला हे फोनवर कळलं होतं आणि त्याला ते अजिबात पटलं नव्हतं. सरळ सांगून टाका, त्यांना लहान मूल समजू नका, असं तो म्हणाला. पुण्यात बसून खरं बोलायला काय जातं, असं आभा म्हणाली. तेव्हापासून बहीणभाऊ कामापुरतंच बोलत होते. गंमत म्हणजे गौरांगचं बरोबर होतं, आणि ते बरोबर होतं म्हणूनच आभाला त्याचा जास्त राग होता.

ऑपरेशनच्या आधी मालिनीताईंनी घरातल्या सगळ्या केशरी चादरी ट्रंकेत भरल्या. आभाने आपल्याकडचे अभ्रे कपाटात दडवले. जमायचं कुठे हा विषय निघाला तेव्हा मालिनीताईंनीच सुचवलं की आभाकडे जमू. इथे जमलो तर हे काहीतरी शोधायला ट्रंक उघडून बसतील. चांगला विचार होता. पण रोज समोर असलेली वस्तू माणसाला दिसेनाशी होते, आणि त्याला काही मोतीबिंदू लागत नाही. आभाच्या हॉलमधले पडदे कोणाच्याच लक्षात आले नाहीत.

*

इंदिरानगरला पोहोचेपर्यंत गोविंदरावांनी काळा चष्मा घातला होता. आभाच्या हॉलमध्ये शिरल्यावर त्यांनी तो काढला आणि ते दारातच थांबले.

खिडकीत भर दुपारचं ऊन होतं आणि ते पडद्यातून गाळून आत येत होतं. हॉलभर केशरी उजेड साचला होता. फरशी केशरी, भिंत केशरी, आभाने पुढे केलेल्या पेल्यातलं पाणीही केशरी. पंख्याच्या वाऱ्याने पडदा हलला की तो उजेड भिंतीवरून सावकाश चढायचा नि उतरायचा. एखाद्या फुलाच्या आत येऊन बसावं तसं त्यांना वाटलं. बोलूच नये, नुसतं बसून राहावं. ते सोफ्यावर बसले आणि कितीतरी वेळ त्यांनी पाण्याला हात लावला नाही.

“पडदे फार छान आहेत गं,” ते म्हणाले. “कधी घेतलेस?”

आभाने पडद्याकडे पाहिलं, मग आईकडे. मालिनीताईंनी पदराने कपाळ टिपलं. गौरांग तिथंच उभा होता, नुकताच पुण्याहून आलेला, हातात गाडीची किल्ली. खरं म्हणजे हाच क्षण त्याला हवा होता. सरळ सांगा, असं तो तीन वर्षं म्हणत होता. त्याने बाबांच्या चेहऱ्याकडे पाहिलं, त्या नव्या, लख्ख, लहान मुलासारख्या डोळ्यांकडे, आणि त्याला स्वतःचाच आवाज ऐकू आला.

“ऑनलाइन मागवले बाबा. मीच पाठवले होते. जयपूरचे आहेत.”

आभाने भावाकडे असं पाहिलं की जणू तो आत्ताच दारातून आत आला होता.

जेवणं झाली. मटारची उसळ चांगली झाली होती, पण तिच्याबद्दल कोणी बोललं नाही. जावई पहिल्या पाळीला गेलेले, त्यामुळे वातावरण हलकं करणारंही कोणी नव्हतं. मग गोविंदराव खुर्चीतून उठले, खिशातला कागद काढला, घसा साफ केला, आणि त्या केशरी उजेडात उभं राहून त्यांनी पहिलं कलम वाचलं. आपल्या घरात खोटं बोलायची रीत नाही.

मालिनीताईंनी रिकाम्या वाटीत चमचा फिरवला. आभा फरशीकडे बघत होती. गौरांग किल्ली बघत होता.

ज्याने जन्मभर माल तपासला त्याला माल दाखवणारी माणसं कशी उभी राहतात ते ठाऊक असतं. गोविंदराव थांबले. एकेकाकडे बघितलं. मग त्यांची नजर पडद्यावर गेली आणि पडद्याच्या कडेवरून खाली उतरत आली. कडेला बारीक हिरवा काठ होता. गौरांगच्या मुंजीत मालिनीला घेतलेल्या पांढऱ्या सुती साडीला तसला काठ होता. ते खिडकीपाशी गेले, पडद्याचं टोक हातात घेतलं, चोळलं आणि नाकाला लावलं. नाकाला काही मोतीबिंदू होत नाही.

“हा पळस आहे,” ते म्हणाले.

मग आभाने सांगितलं. तीन वर्षं जे पोटात ठेवलं ते सांगायला तिला फार वेळ लागला नाही. केशरी काहील, भिका, गच्ची, पहाट, चादरी. कोणावर ढकललं नाही, आईवरही नाही. सगळं माझंच डोकं, असं ती म्हणाली. गोविंदरावांनी एवढंच विचारलं की चौकात माहीत आहे का. तिने मान हलवली.

“म्हणजे मला पास केलंत,” ते सावकाश म्हणाले. “नापास माल, आणि वर पासचा शिक्का. मी आयुष्यात एकदाही केलं नाही ते.”

“माल नव्हता बाबा,” आभा म्हणाली. “तुम्ही होतात.”

कागदाची घडी घालून गोविंदरावांनी ती टेबलावर पेल्याखाली ठेवली. आज काहिलीपाशी कोण उभं राहील ते तुमचं तुम्ही ठरवा, मी येत नाही, आज नाही नि पुढेही नाही, असं सांगून ते आतल्या खोलीत गेले आणि भिंतीकडे तोंड करून आडवे झाले. आभाला तीन वर्षं ज्याची धास्ती होती ते तिच्या मनात बरोबर असंच दिसायचं. ती स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला टेकली.

गौरांग मागोमाग आला. मी सांगत होतो, हे शब्द आता येतील म्हणून तिने ओठ आवळले. तो नुसता उभा राहिला.

“जयपूरचे,” तो शेवटी म्हणाला. “मला दुसरं काही सुचलंच नाही गं.”

आभाला हसू आलं आणि हसता हसता ती रडायला लागली. गौरांगने नळाखाली हात ओला करून तिच्या डोळ्यांवरून फिरवला, लहानपणी आई फिरवायची तसा. त्याला वाटायचं की खरं बोलणं ही हिमतीची गोष्ट आहे आणि ताईकडे ती नाही. आज त्याची पाळी आली तेव्हा त्याच्याकडेही नव्हती, आणि हे तिला सांगितल्यावर त्याला फार बरं वाटलं.

*

मालिनीताई समजूत घालायला गेल्या नाहीत. एवढ्या वर्षांच्या संसारात त्यांना एक कळलं होतं, की या माणसाला शब्दाने काही पटत नाही, हातात वस्तू द्यावी लागते. त्यांनी आभाचं कपाट उघडलं, दडवलेले अभ्रे, पंचे, चादरी काढल्या आणि पलंगावर त्यांच्या पाठीशी ठेवून दिल्या.

“हे तुमचंच आहे,” त्या म्हणाल्या. “टाकायचं असेल तर तुम्ही टाका. माझ्याच्याने झालं नाही.”

आणि खुर्ची ओढून बसल्या. बाहेर कोणाच्या तरी प्रेशर कुकरची शिट्टी झाली. मालिनीताईंचा डोळा लागू लागला होता, अर्धवट झोपेत त्यांना काहिलीतल्या बुडबुड्यांचा आवाज येत होता. मग पलंग करकरला. गोविंदराव उठून बसले होते. त्यांनी एक अभ्रा उचलला, खिडकीकडे धरला, खाली ठेवला. दुसरा उचलला. पंचा उचलला. सवयच ती, थोड्या वेळाने त्यांनी सगळे कपडे रंगाप्रमाणे लावून ठेवले होते. पहिले झेंडूसारखे. मग विटकरी. मग शेवटचे, जवळजवळ कुंकवासारखे.

“हे पहिल्या वर्षीचे,” ते हलक्या आवाजात म्हणाले. “तेव्हा मला पेपर वाचता यायचा. हे दुसऱ्या. आणि हे झाले त्या वर्षी मला तुझा चेहरा नीट दिसत नव्हता. तुला म्हणालो नाही मी.”

“मला माहीत होतं,” मालिनीताई म्हणाल्या.

“म्हणजे मीही बोललो नाहीच.”

“नाहीच की.”

त्यांनी सगळ्यात गडद अभ्रा मांडीवर घेतला आणि त्याच्यावरून हात फिरवत बसले. यातलं काहीच टाकलं नाही का, असं त्यांनी विचारलं. मालिनीताई म्हणाल्या, पायपुसणंसुद्धा रंगवलंय, दारात आहे, तुम्ही आत्ता त्याच्यावर पाय पुसून आलात. गोविंदरावांना एकदम खूप भरून आलं आणि ते त्यांनी लपवलं नाही. मालिनीताईंनी फक्त डोळे चोळू नका म्हणून बजावलं.

“ऊन आहे का अजून?” त्यांनी थोड्या वेळाने विचारलं.

“आहे.”

“गौरांगला गाडी काढायला सांग.”

*

चौकात रहाड उघडली होती. फळ्या भिंतीला लावून ठेवलेल्या, उकरलेल्या मातीचा ओला वास, आणि काहिलीखाली नुकताच पेटलेला जाळ. भिकाने गोविंदरावांना गाडीतून उतरताना पाहिलं, मागून उतरणाऱ्या आभाचा चेहरा पाहिला आणि तो समजला. तो डोकं खाजवत उभा राहिला. गोविंदरावांनी त्याला काही विचारलं नाही. फुलं कधी भिजवलीस, एवढंच विचारलं.

मग त्यांनी काळा चष्मा काढला. धूर आहे, धूर आहे, असं मालिनीताई मागून म्हणत राहिल्या, पण रंगाचं काम चष्म्यातून होत नाही.

पाटीतली फुलं त्यांनी ओंजळीत घेतली. इतकी वर्षं फुलं त्यांना बोटांनी कळत होती. आता दिसली. पाकळीची कड, देठाची काळी मखमल, आतला तो जळता रंग. त्यांनी ती पाण्यात सोडली आणि पाणी हळूहळू पिवळं व्हायला लागलं. तुरटी टाकली. चुन्याची चिमूट टाकली. वाफ वर चढत होती, वाफेमागे चौक, माणसं, विजेच्या तारा, सगळं विरघळल्यासारखं झालं होतं, आणि मधोमध तो पिवळा. वडिलांचा हात धरून पहिल्यांदा इथे उभं राहिल्यावर पाहिला होता, तोच. तो असा दिसतो हे ते विसरून गेले होते. त्यांचे डोळे भरून आले. त्यांनी हात वर केला.

“बस,” ते म्हणाले. “झाला.”

आभाने काहिलीत पाहिलं.

रंग फिका होता. हळदीचं भांडं विसळल्यावर पाणी जसं होतं तसा. अंगाला धरलाच नसता, संध्याकाळच्या आंघोळीत निघून गेला असता. काय झालं ते तिच्या लक्षात आलं: बाबांच्या नव्या डोळ्यांना थोडंही खूप दिसत होतं. भिका तिच्याकडे बघत होता. चौकातली बाकीची माणसंही तिच्याच तोंडाकडे बघत होती, आणि ते सगळे कशाची वाट बघतायत हे तिला पक्कं ठाऊक होतं. तिने नुसती मान डोलवायची. पहाटे गच्ची आहे, भिका आहे. दुपारी जे घडलं त्यानंतर या माणसाला आजच, सगळ्या चौकासमोर, पुन्हा चुकलात म्हणायचं? तिने गौरांगकडे पाहिलं. तो बोलला असता तर सोपं झालं असतं. पण आज तो बोलला नाही. तो फक्त सरकून तिच्या खांद्याशी येऊन उभा राहिला.

“बाबा,” ती म्हणाली. “फिका आहे.”

ढवळणारा हात थांबला. गोविंदराव वळले.

“अंगाला धरणार नाही,” आभा म्हणाली. “तुम्हाला आता सगळंच जास्त दिसतंय.”

त्यांचे कान लाल झाले. ते परत काहिलीकडे वळले आणि बघत राहिले. जाळातलं एक लाकूड तडकलं.

“किती?” त्यांनी विचारलं.

“अजून एक टोपली फुलं. चुना नको.”

“एवढी फुलं आता आहेत कुठे?”

“माझ्या गच्चीवर आहेत,” आभा बोलून गेली, आणि मग तिने जीभ चावली.

गोविंदरावांनी तिच्याकडे पाहिलं. “याही वर्षी?”

“याही वर्षी,” ती म्हणाली.

भिका आधी हसला. त्याला आवरेना. मग गोविंदराव हसले, इतके की त्यांना काहिलीपासून लांब होऊन फळ्यांना टेकावं लागलं, आणि मग अख्खा चौक हसायला लागला. गौरांग टोपली आणायला गाडीकडे पळाला. मालिनीताई ओरडत होत्या की हसा हवं तेवढं, पण डोळे चोळू नका.

*

दुसऱ्या दिवशी उडी मारायला डॉक्टरांची मनाई होती, म्हणून गोविंदराव कोपऱ्यातल्या ओट्यावर छत्री घेऊन बसले. पहिली उडी रंग शिजवणाऱ्या घराण्याची. पूजा झाली, नारळ फुटला आणि सगळे गौरांगकडे बघायला लागले. तो म्हणत होता की सोमवारी मीटिंग आहे, चेहरा चार दिवस असाच राहील, कॉलेजनंतर मी कधी... तेवढ्यात आभाने त्याला पाठीमागून ढकललं आणि त्याच्या मागोमाग स्वतःही उडी मारली. पाणी कडेच्या सगळ्यांच्या डोक्यावरून गेलं. ते दोघं वर आले तेव्हा त्यांच्यातलं कोण कोण हे ओट्यावरून ओळखू येईना. दोन पिवळी माणसं एकमेकांच्या डोक्यावर पाणी उडवत होती. गोविंदरावांनी छत्री बाजूला केली आणि मालिनीताईंचं लक्ष नाही असं बघून हात पुढे धरला.

संध्याकाळी सगळे गंगापूर रोडच्या घरी आले. ट्रंक उघडून मालिनीताईंनी गादीवर केशरी चादर घातली, लपवायचं काही उरलं नव्हतं. गौरांगने एक चादर पुण्याला नेण्यासाठी मागून घेतली. गेली तीन वर्षं ती आपल्या भिंतींच्या रंगाला शोभणार नाही म्हणून तो नको म्हणत होता. गोविंदराव टेबलाशी बसले होते. त्यांनी पहिल्या कलमावर सरळ रेघ मारली होती आणि खाली नवं लिहिलं होतं. ते त्यांनी एकदा सगळ्यांना वाचून दाखवलं.

‘माझा रंग चुकत होता. घरच्यांनी तो टाकून दिला नाही, आणि मला सांगितलंही नाही. यातलं पहिलं पुढे चालू ठेवावं. दुसरं माझ्यापाशी थांबवावं.’

भिका सही करायला आला होता. त्याने पिवळ्या बोटांनी जपून सही केली. पिवळे कान घेऊन गौरांग खिडकीत उभा राहिला, आणि आभा चादरीवर बसून स्वतःच्या तळहातांकडे बघत होती.

मग कागद मालिनीताईंकडे आला. त्यांनी चष्मा लावला, सावकाश वाचलं, आणि पेन हातात तसंच धरून ठेवलं.

“फिका आहे,” त्या म्हणाल्या.

गोविंदरावांनी बायकोकडे पाहिलं.

“किती?” त्यांनी विचारलं.

“घरच्यांनी काय, घरच्यांनी? पहाटे गच्चीवर कोण उभं होतं? काल तोंडावर कोण बोललं? तिचं नाव कुठाय यात?”

गोविंदरावांनी कागद परत ओढून घेतला आणि पेनाचं टोपण काढलं.